जिन्यातील लोंबत्या वेली : पाचपाखाडी, ठाणे येथील प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जिना, मजल्यांवरील पॅसेज आणि तळमजल्यावरील वाचनकक्ष येथे लोंबत्या वेलींच्या कुंड्या लावण्याचा ठराव संमत झाला असून त्याची देखरेख उद्यान समितीकडे आली आहे. मंजूर झालेली रक्कम बेताची आहे. त्यामुळे विकत आणलेली रोपे टिकली पाहिजेत आणि पुढची रोपे त्यांच्यापासूनच तयार झाली पाहिजेत, अशी अट ठरावातच घातलेली आहे. वेलींच्या बाबतीत ही अट पाळणे अवघड नाही.

आज फक्त उजेड मोजला. इमारत चार मजल्यांची आणि जुन्या धाटणीची आहे. जिन्याच्या प्रत्येक लँडिंगला पूर्वेकडे सिमेंटची जाळी आहे, पॅसेजच्या टोकाला पश्चिमेकडे काचेच्या झडपांची खिडकी आहे आणि वाचनकक्षाच्या खिडक्या उत्तरेकडे उघडतात. मोबाइलमधील प्रकाशमापक काटेकोर नसतो. तरीही एकाच फोनने घेतलेली मोजमापे एकमेकांशी ताडून पाहण्यास तो पुरेसा असतो. आपला डोळा मात्र या कामी भरवशाचा नाही, कारण अंधूक जागेत बाहुली आपोआप मोठी होते आणि शंभर-दीडशे लक्समध्येही (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) वर्तमानपत्र वाचता येत असल्यामुळे ती जागा आपल्याला उजेडाची वाटते. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. वाचायला पुरणाऱ्या उजेडात वेल काही महिने जिवंत राहते, वाढत मात्र नाही; आणि ती मरत नाही म्हणून तिला तेथे मानवले, असा गैरसमज होतो.

मोजताना एक गोष्ट विशेष लक्षात आली. लोंबती कुंडी म्हटली की आपण ती छताला टांगतो. छत मात्र खिडकीच्या चौकटीच्या वर असते आणि खिडकीतून येणारा उजेड खाली उतरत आत येतो. परिणामी कुंडीतील मातीचा पृष्ठभाग, म्हणजे वेल जेथून फुटायची ती जागा, खोलीतल्या सर्वांत अंधाऱ्या पट्ट्यात जाते आणि वेलीचे शेपूट तेवढे उजेडात लोंबते. वरून बोडकी आणि खाली चार पाने घेऊन लटकणारी वेल घरोघरी दिसते, तिचे मुख्य कारण हेच असावे. त्यामुळे कुंडीचा काठ खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा किमान वीतभर खाली राहील, एवढ्या लांबीच्या साखळ्या घेण्याचे ठरवले आहे.

१५ जून २०२४

घोडबंदर रस्त्यावरील एका रोपवाटिकेतून खरेदी झाली. मनी प्लांटमध्ये सोनेरी छटेचा नेहमीचा प्रकार, पांढऱ्या शिंतोड्यांचा मार्बल क्वीन आणि पोपटी निऑन घेतला. त्याखेरीज हृदयाकृती पानांचा फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, टर्टल वाइन, वॉन्डरिंग ज्यू, सिल्व्हर पोथॉस या नावाने विकला जाणारा सिंडॅप्सस, एक होया आणि स्ट्रिंग ऑफ हार्ट्सची एक लहान कुंडी घेतली. मण्यांच्या माळेसारखी स्ट्रिंग ऑफ पर्ल्स सर्वांनाच आवडली होती, पण ती मुद्दाम टाळली. ती दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातील वनस्पती आहे आणि ठाण्याच्या जुलैमध्ये तिचे मणी मऊ पडून गळतात.

रोपवाटिकेतील माळीकाका फिलोडेंड्रॉनलाही मनी प्लांटच म्हणत होते. “काका, हा निराळा आहे ना?” असे विचारल्यावर ते म्हणाले, “ताई, गिऱ्हाईक मनी प्लांट मागतं, आम्ही मनी प्लांट देतो. पानं बघून घ्या, तुम्हीच ठरवा.” फरक खरोखरच पानांवरून, त्यातही देठावरून कळतो. मनी प्लांटच्या देठाला वरच्या बाजूने पन्हळीसारखी उथळ खाच असते आणि पान थोडे जाड व मेणचट लागते. फिलोडेंड्रॉनचे देठ गोलसर असते, पान पातळ असते आणि देठाजवळचा खळगा अधिक खोल असतो. सर्वांत खात्रीची खूण नव्या पानाची आहे: फिलोडेंड्रॉनचे नवे पान एका स्वतंत्र, पातळ आवरणात गुंडाळलेले येते आणि पान उघडल्यावर ते आवरण वाळून गळते, तर मनी प्लांटमध्ये असे आवरण नसते.

१६ जून २०२४

आणलेली रोपे वाचनकक्षात मांडून त्यांची विभागणी केली. रोपवाटिकेत या सर्वांना ‘हँगिंग’ या एकाच नावाखाली ठेवतात, परंतु लोंबणे ही यांपैकी बहुतेकींची मूळ सवय नाही. लोंबायला आपण त्यांना लावतो. म्हणून कोणती वेल मूळ ठिकाणी काय करते, यावरून गट पाडले आणि पुढची सगळी निगा त्या गटांनुसार करायची आहे.

पहिला गट चढणाऱ्यांचा आहे. मनी प्लांट, सिंडॅप्सस, फिलोडेंड्रॉन आणि सिंगोनियम हे चौघेही अळूच्या कुळातले आहेत आणि रानात झाडांच्या खोडांना धरून वर जातात. मनी प्लांट आपल्याकडे इतका रुळला आहे की तो इथलाच वाटतो, परंतु त्याचे मूळ स्थान प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियामधील मोरेआ हे बेट आहे. १८८० साली त्याचे वर्णन पोथॉस ऑरियस या नावाने झाले. त्यानंतर त्याला सिंडॅप्सस आणि राफिडोफोरा या प्रजातींमध्ये घालण्यात आले आणि १९६४ साली तो एपिप्रेम्नम ऑरियम झाला. वर्गीकरण करणाऱ्यांची अडचण खरी होती, कारण वर्गीकरण फुलांवरून करतात आणि ही वेल फुलतच नाही म्हटले तरी चालेल. तिच्यात जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या एका जनुकाचे काम मंदावलेले असल्यामुळे फुलोरा येत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्या संशोधनात बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर वेलीला फुले आली होती.

या गटाचे वैशिष्ट्य असे की वेल वर चढत गेली तर प्रत्येक पुढचे पान मागच्यापेक्षा मोठे होत जाते आणि खाली लोंबू दिली तर ते लहान होत जाते. ठाण्यातील जुन्या वाड्यांच्या आवारात आंब्यावर किंवा नारळावर चढलेल्या मनी प्लांटची परातीएवढी, कडेने चिरलेली पाने अनेकांनी पाहिली असतील. ती आपल्या बाटलीतल्याच वेलीची प्रौढ पाने आहेत. याच बाबतीत पहिल्या मजल्यावरील एका गृहस्थांनी हरकत घेतली आहे की वास्तुशास्त्राप्रमाणे मनी प्लांटची वेल खाली लोंबू नये, ती वर चढती असावी. कारणमीमांसेत मी शिरत नाही, पण वेलीला विचारले असते तर तिनेही हेच उत्तर दिले असते. तडजोड म्हणून एक मनी प्लांट वाचनकक्षात खडबडीत फळीवर चढवण्याचे ठरले आहे. त्यामुळे लोंबत्या आणि चढत्या वेलीची तुलनाही करता येईल.

दुसरा गट जमिनीवर पसरणाऱ्यांचा आहे. टर्टल वाइन आणि वॉन्डरिंग ज्यू या दोन्ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून आलेल्या असून मातीवरून सरपटत, टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळे फोडत पुढे जातात. मागचा भाग जुना होऊन मरतो आणि वनस्पती पुढे सरकलेली असते. कुंडीत तिला पुढे सरकायला जागा नसते, म्हणून मधला भाग टकला पडतो. तिला रोग झालेला नसतो. तिचे आयुष्यच तसे आहे.

तिसऱ्या गटात होया आणि स्ट्रिंग ऑफ हार्ट्स आहेत. होयाच्या बहुतेक जाती झाडांच्या फांद्यांवर किंवा खडकांवर वाढतात, जेथे पावसाचे पाणी येते आणि लगेच निघून जाते. स्ट्रिंग ऑफ हार्ट्स, म्हणजे सेरोपेजिया वुडी, दक्षिण आफ्रिकेच्या खडकाळ भागात वाढते आणि पाणी साठवण्यासाठी मुळाशी व पेरांवर लहान गाठी धरते. या दोघींना दोन पाण्यांच्या मध्ये कोरडे पडणे आवश्यक असते.

२९ जून २०२४

रोपवाटिकेतून आलेली बहुतेक रोपे नुसत्या कोकोपीटच्या गोळ्यात होती आणि वरून शोभेसाठी लाल मातीचा थर दिलेला होता. लाल माती कोरडी दिसत असताना आतला गोळा ओलाचिंब असतो, त्यामुळे पाणी देणाऱ्याची हमखास फसगत होते. सर्व रोपे त्यातून काढून नव्या मिश्रणात लावली. पहिल्या दोन गटांसाठी दोन भाग भिजवून पिळलेले कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) आणि मूठभर कोळशाचे तुकडे घेतले. होयासाठी नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, कोळसा आणि विटांची खडी घेतली, त्यात गांडूळखत नावापुरतेच ठेवले.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालावा, असा आग्रह दोन-तीन सभासदांनी धरला होता. हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण तो उपयोगाचा नाही. बारीक मातीतले पाणी तिच्याखालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते तिच्यातच धरून ठेवलेले असते. त्यामुळे तळाशी असणारा ओला पट्टा खडीमुळे नाहीसा होत नाही, तो उचलला जाऊन मुळांच्या अधिक जवळ येतो. तळाला मोकळी भोके आणि मुळातच भुसभुशीत मिश्रण, हाच निचऱ्याचा मार्ग आहे. भोकांवर फुटक्या खापरीचा एकेक तुकडा ठेवायला हरकत नाही.

हुक बसवणाऱ्या सुताराने एक उपयुक्त सूचना केली. जुन्या इमारतीत गिलावा जाड असतो आणि हुक नुसत्या गिलाव्यात बसला तर वजनाने निघून येतो, म्हणून ड्रिल काँक्रीटपर्यंत नेऊन प्लग त्यात बसवला पाहिजे. आठ इंची कुंडी पाणी दिल्यावर सहज तीन-चार किलोंची होते आणि खालून मुले धावत असतात, त्यामुळे येथे हयगय चालणार नाही.

२० जुलै २०२४

पाऊस लागून राहिला आहे आणि हवेतील ओलावा दिवसभर नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. या दिवसांत पाणी देण्याचे वेळापत्रक नावाची गोष्टच नसावी, हे समितीला पटवायला वेळ लागला. मातीतले पाणी मुख्यतः पानांतून बाहेर पडते. हवाच ओलीचिंब असताना आणि ढगांमुळे उजेड निम्म्याहून कमी झालेला असताना ते बाहेर पडत नाही, आणि मे महिन्यात रोज लागणारे पाणी जुलैत आठवड्यातून एकदाही लागत नाही. ओल्या मातीतील पोकळ्यांत हवा उरत नाही, मुळे गुदमरतात आणि मग त्यांवर बुरशीवर्गीय रोग येतात. पान पिवळे पडले की पाणी कमी झाले असे समजून लोक आणखी पाणी घालतात. म्हणून आता एकच नियम आहे: कुंडी खालून तळहातावर उचलून पाहायची आणि ती हलकी लागली तरच पाणी घालायचे. लोंबत्या कुंडीत बोट खुपसण्यापेक्षा हे सोपे आहे आणि चार-पाच वेळा उचलल्यावर हाताला वजन कळू लागते.

आज सकाळी साडेसहाच्या सुमारास दुसऱ्या लँडिंगवरील मनी प्लांट जवळून पाहिला. प्रत्येक पानाच्या अगदी टोकाला पाण्याचा एक स्वच्छ थेंब होता, पानाचा बाकीचा पृष्ठभाग पूर्ण कोरडा होता आणि थेंब बोटाने टिपल्यावर काही मिनिटांनी तेथे दुसरा थेंब फुगू लागला. हे दव नव्हे. रात्री पर्णरंध्रे मिटलेली असताना मुळे पाणी ओढतच राहतात आणि तो दाब पानाच्या टोकाशी असलेल्या छिद्रांवाटे बाहेर निघतो. जिन्यात पाणी टपकते म्हणून झालेल्या तक्रारीचे कारण हे होते, कुंडी गळत नव्हती. थेंब रोज दिसू लागले तर माती गरजेपेक्षा ओली आहे, असे समजावे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधण्यासाठी फिरत आहेत आणि त्यांनी कुंड्यांखालच्या ताटल्या व काही घरांतील मनी प्लांटच्या बाटल्या तपासल्या. एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात, हे लोकांना सहसा माहीत नसते. त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. भांडे आतून घासावे लागते. जिन्यातील सर्व ताटल्या काढून टाकल्या आहेत. कुंड्यांना पाणी मोरीत नेऊन द्यायचे, पूर्ण निथळू द्यायचे आणि मगच परत टांगायचे, असे ठरले. ज्यांच्या घरी वेल बाटलीत आहे त्यांनी आठवड्याच्या कोरड्या दिवशी बाटली घासून पाणी बदलावे, अशी सूचना फलकावर लावली आहे.

३ ऑगस्ट २०२४

छाट कलमे करण्यासाठी याहून चांगला काळ नाही, कारण ओलसर हवेत कापलेला तुकडा मुळे फुटेपर्यंत सुकत नाही. वाचनकक्षात इच्छुक सभासदांना प्रात्यक्षिक दाखवले.

सगळी गोम पेरात आहे. वेलीच्या कांड्यावर जेथे पान जोडलेले असते ती जागा म्हणजे पेर. तेथे पानाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो आणि चढणाऱ्या वेलींमध्ये त्याच्या समोरच्या बाजूस हवाई मुळाचा तपकिरी कोंब असतो. पेर तुकड्यात आले तर त्या तुकड्यातून नवी वेल होते. पेर सोडून नुसते देठासह पान पाण्यात ठेवले तर ते महिनोन्‌महिने हिरवे राहते, कधी मुळेही फोडते, परंतु डोळाच नसल्यामुळे त्यातून वेल कधीही फुटत नाही. होयाची अशी एकेक पाने हृदयाच्या आकाराची म्हणून कुंडीत रोवून भेटवस्तूंच्या दुकानांत विकली जातात, ती बहुधा वर्षानुवर्षे तशीच राहतात. डोळा झोपलेला का राहतो, तर शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरून त्याला दाबून ठेवते म्हणून. शेंडा खुडला की दाब उठतो आणि खालचे एक-दोन डोळे फुटतात. वेल दाट हवी असेल तर ती कापावी लागते, हे बऱ्याच जणांच्या जिवावर येते.

बोडक्या पडलेल्या वेलींचे काय करावे, यावर चर्चा चालली असताना दुसऱ्या मजल्यावरील आजींनी विषयाला निराळे वळण दिले. त्यांचे माहेर मिरज तालुक्यातले आहे आणि माहेरी पानमळा होता. “त्यात काय कापाकापी करायची? उतरण करा की,” असे त्या म्हणाल्या. पानमळ्यात नागवेल शेवगा, शेवरी, पांगारा किंवा हादग्याच्या आधाराने वर चढत जाते. वर्षभरात तिचा खालचा भाग पाने खुडून मोकळा झालेला असतो आणि शेंड्याकडची पाने लहान होऊ लागतात. तेव्हा वेल आधारावरून सोडवून खाली उतरवतात, मोकळ्या भागाची वेटोळी करून ती मातीत दाबतात आणि शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा बांधतात. दाबलेल्या प्रत्येक पेराला नवी मुळे येतात आणि जुनी वेल नव्या जोमाने चालू लागते. आजींनी सिंगोनियमची एक बोडकी वेल उचलून, तिची सैल वेटोळी कुंडीतल्या मातीवर ठेवून, पेरे खाली टेकतील अशा बेताने डोक्याच्या आकड्यांनी दाबली. कांडे मोडू नये म्हणून वेल आदल्या दिवशी पाणी न देता जरा नरम पडू द्यावी, हेही त्यांनीच सांगितले. बागकामाच्या चित्रफितींतून हीच युक्ती नवी म्हणून दाखवतात. पानमळेकरी ती फार पूर्वीपासून करीत आले आहेत.

उरलेली कलमे दोन-दोन पेरांची कापून मूळच्याच कुंडीच्या मध्यभागी रोवली, म्हणजे टकला भाग भरून येईल. टर्टल वाइनचे तुकडे तर नुसते मातीवर पसरून वरून हलकेच दाबले तरी पुरते.

१० ऑगस्ट २०२४

वाचनकक्षात ठेवलेल्या कलमांपैकी मनी प्लांटच्या काही काड्या नाहीशा झाल्या आहेत. चोरून आणलेला मनी प्लांट भरभरून वाढतो, या समजुतीवर विश्वास ठेवणारे आपल्या इमारतीत आहेत, एवढाच याचा अर्थ. ज्यांना हव्यात त्यांना मागूनही मिळतील, असे फलकावर लिहिले. मागायला कोणी आले नाही आणि काड्या जातच आहेत. कलमे वाटायचीच होती, तेव्हा हरकत नाही.

१७ ऑगस्ट २०२४

तळमजल्यावर मांजरे येतात आणि तिसऱ्या मजल्यावर रांगणारे मूल आहे, म्हणून पालकांनी या वेली विषारी आहेत का, असे लेखी विचारले. पहिल्या गटातील चारही वेलींच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले की ते तोंडाच्या व घशाच्या आतल्या त्वचेत रुततात आणि आग होते, लाळ गळते, कधी सूज येते. श्रावणात अळूवडी करणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको, कारण अळूने घसा खाजतो तो याच स्फटिकांमुळे आणि चिंच किंवा कोकम घालण्याची पद्धतही त्याच्याशीच निगडित आहे. सुरणही याच कुळातला. हाताला खाज येणाऱ्यांनी कलमे करताना हातमोजे घालावेत. तळमजल्यावरच्या या गटातील कुंड्या वरच्या मजल्यांवर हलवून त्यांच्या जागी होया आणली आहे. होयाचा चीक कोणी मुद्दाम खावा असा नसला, तरी तिच्यात हे स्फटिकांचे प्रकरण नाही.

४ सप्टेंबर २०२४

गणपतीसाठी निम्मी इमारत कोकणात जाणार आहे. कुंड्यांना जाण्यापूर्वी भरपूर पाणी देऊन ठेवू, अशी सूचना आली होती, ती नाकारली. वेली पश्चिमेच्या खिडकीपासून दोन हात आत सरकवल्या आहेत आणि पाणी कोणीही द्यायचे नाही, एवढीच सूचना राहणाऱ्यांना दिली आहे.

२६ ऑक्टोबर २०२४

ढग गेल्यापासून पश्चिमेच्या पॅसेजमध्ये दुपारी तीननंतर थेट ऊन येते आणि काचेमागची हवा तापते. तेथील मार्बल क्वीनच्या पांढऱ्या भागावर कागदासारखे कोरडे तपकिरी डाग पडले. हिरव्या भागावर एकही नाही. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे तो पडलेल्या उन्हाचा उपयोगही करू शकत नाही आणि त्यापासून स्वतःचा बचावही फारसा करू शकत नाही. उलट अशा वेलीला हिरव्या वेलीपेक्षा जास्त उजेड लागतो, कारण पानाचा थोडाच भाग अन्न तयार करीत असतो. अंधारात ठेवल्यास पुढची पाने अधिकाधिक हिरवी येऊ लागतात. म्हणजे तिला उजेड भरपूर आणि ऊन अजिबात नको. खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला आणि वेल पूर्वेच्या जाळीजवळ नेली. सिंडॅप्ससच्या पानांवरील रुपेरी ठिपक्यांचा प्रकार मात्र निराळा आहे. तेथे पानाच्या वरच्या थराखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवरून प्रकाश परतल्यामुळे तो भाग चंदेरी दिसतो. खाली हरितद्रव्य असतेच.

होयावर पिठ्या ढेकूण आला आहे. जिन्याच्या कठड्यावरून मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली म्हणून तपासले, तेव्हा पानाच्या बगलेत आणि पानाच्या मागच्या शिरेलगत कापसासारखे पांढरे पुंजके आढळले. भिंगातून पाहिल्यावर पुंजक्यातून गुलाबीसर, कडेला मेणाच्या बारीक झालरी असलेला कीडा हळूहळू सरकताना दिसला. तो रस शोषतो आणि गोड चिकट द्रव सोडतो, मुंग्या त्या द्रवासाठी येतात आणि त्याची राखणही करतात. म्हणून मुंग्यांची रांग दिसली की वेल तपासावी. कापसाच्या बोळ्याला सर्जिकल स्पिरिट लावून प्रत्येक पुंजका पुसला, नंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारले. अंड्यांतून पुन्हा कीड निघते, त्यामुळे दर आठवड्याला हे करीत राहावे लागेल. कुंडी तोवर इतरांपासून वेगळी ठेवली आहे.

२१ डिसेंबर २०२४

थंडीत वाढ मंदावली आहे. खत बंद, पाणी बेताचे. ठाण्याच्या थंडीने या वेलींचे काही बिघडत नाही.

वाचनकक्षाच्या फलकासाठी एका सभासदांनी ‘या वेली हवा शुद्ध करतात’ असे वाक्य सुचवले होते. त्याचा उगम नासाच्या १९८९ सालच्या अहवालात आहे, परंतु ते प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये केलेले होते. खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत हवा ज्या वेगाने बदलते, त्याच्याशी बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान दहा रोपे, कदाचित शेकडो, लागतील, असा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्याचा हिशेब आहे. वाक्य वगळले. वेली दिसायला चांगल्या आहेत, हे कारण पुरेसे आहे.

त्याऐवजी फलकावर सह्याद्रीतील त्यांच्या नातलगांची माहिती दिली. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली टॉमस हॉय या इंग्रज माळ्याच्या नावावरून होया हे प्रजातिनाम ठेवले. त्या प्रजातीतील होया वायटी ही वेल पश्चिम घाटात झाडांवर वाढते. सेरोपेजिया तर आपल्याकडची मानाची मंडळी आहे. कंदीलपुष्प म्हणून गिर्यारोहकांना ठाऊक असलेल्या तिच्या अनेक जाती फक्त सह्याद्रीत सापडतात, त्यांपैकी सेरोपेजिया लॉई हरिश्चंद्रगडाच्या परिसरात आढळते. कुंडीतल्या स्ट्रिंग ऑफ हार्ट्सला आलेल्या बोटाच्या पेराएवढ्या फुलाची रचना तशीच आहे: तळाशी फुगीर, मध्ये नळी आणि वर पाकळ्या टोकांशी जुळून झालेला पिंजरा. नळीतले केस आतल्या दिशेला वळलेले असल्यामुळे चिमुकल्या माश्या आत शिरतात पण बाहेर येऊ शकत नाहीत. केस सुकले की त्या परागकण घेऊन सुटतात. रानातली कंदीलपुष्पे मात्र कोणी उपटून आणू नयेत, हे फलकावर ठळक अक्षरांत लिहिले आहे. कंद खणल्यामुळे आणि गुरांच्या चरण्यामुळे त्यांतल्या कित्येक दुर्मीळ झाल्या आहेत.

१ मार्च २०२५

फळीवरील मनी प्लांट आणि त्याच वेलीच्या तुकड्यापासून केलेली लोंबती कुंडी यांची पाने आज मोजपट्टीने मोजली. दोन्ही उत्तरेच्या खिडकीपाशी होत्या आणि दोन्हींना तेच मिश्रण व तेवढेच खत होते. फळीवरची नवी पाने तळहाताहून मोठी झाली आहेत, कांडी आखूड आहेत आणि हवाई मुळे लाकडाच्या भेगांत घट्ट शिरली आहेत; लोंबत्या कुंडीतील शेंड्याकडची पाने जेमतेम अर्धी आहेत आणि दोन पानांतले अंतर वाढले आहे. वास्तुशास्त्रवाले गृहस्थ प्रसन्न आहेत. चढणाऱ्या वेली लोंबत्या ठेवायच्या असतील तर शेपूट हातभर झाले की कापून तुकडे वर रोवत राहायचे, लांबीचा हव्यास धरायचा नाही.

काही कुंड्यांच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर दिसतो आहे. पाणीटंचाईमुळे टँकरचे बोअरचे पाणी टाकीत मिसळू लागल्यापासून तो वाढला. त्या पाण्यातील क्षार आणि रासायनिक खताचे उरलेले क्षार मातीत साचतात आणि पानांची टोके करपतात. यापुढे विद्राव्य खत लिटरला एकच ग्रॅम, महिन्यातून एकदा आणि तेही ओल्या मातीतच द्यायचे आहे. दर दोन महिन्यांनी कुंडीतून तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी वाहू द्यायचे आहे. त्यासाठी महापालिकेचे पाणी वेगळ्या पिंपात भरून ठेवण्याचे वॉचमनदादांना सांगितले आहे.

होया कीडमुक्त झाली असून तिच्या एका जुन्या फुलदांड्यावर बारीक कळ्यांचा झुबका आला आहे. फुले गळल्यावर हा दांडा कापू नये, पुढचा बहर त्याच दांड्यावर येतो. साफसफाई करणाऱ्यांनी तो तोडू नये म्हणून त्याला लाल दोरा बांधला. वॉन्डरिंग ज्यूच्या सगळ्या कुंड्या टकल्या पडू लागल्या आहेत, त्या पावसाळ्यापूर्वी मोडून तुकड्यांपासून नव्या भरायच्या. सिंगोनियमची उतरण मे महिन्याच्या अखेरीस, आजी गावाहून परतल्यावर करायची. होयाच्या पुढच्या कुंड्यांसाठी नारळाची सोडणे लागतील, ती कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे सांगून ठेवली आहेत.